अलाबामात नवे आहात? आधी माती बघा

अलाबामाला जायचं ठरलं असं सांगितलं की घरच्यांचा चेहरा जरा पडतो. न्यू जर्सी म्हटलं असतं तर लगेच चार ओळखीची नावं पुढे आली असती, टेक्सास म्हटलं असतं तर कोणाची तरी मावसबहीण निघाली असती. अलाबामात आपलं कोणी नसतं. मग रात्री कोणीतरी यूट्यूबवर काहीबाही बघतं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "तिकडे जरा जपून हं."

मराठी माणूस इथे साधारण चार वाटांनी पोचतो. हंट्सव्हिलला रॉकेट आणि संगणकाच्या कामावर, बर्मिंगहॅमला विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात, टस्कलूसाजवळच्या व्हान्सला मर्सिडीजच्या कारखान्यात, नाहीतर ऑबर्नला शिकायला. मी पहिल्या वाटेने आलो आणि राहिलो. नव्याने येणाऱ्यांना जे पुन्हा पुन्हा सांगतो ते इथे एकदाच लिहून ठेवतो. कामाच्या सूचना आणि इतिहास मुद्दामच वेगळे केलेले नाहीत, कारण इथे किराण्याच्या पावतीमागेही इतिहास दडलेला असतो.

पायरी १: पहिले तीस दिवस

गाडीशिवाय इथे माणूस पांगळा. बस नावापुरती. राज्यात राहायला आल्यापासून ३० दिवसांत अलाबामाचं लायसन्स काढावं लागतं आणि गाडीची नोंदणीही तेवढ्याच मुदतीत. नंबरप्लेटला इथे "टॅग" म्हणतात, ती फक्त मागे लागते, आणि ती मिळते कौंटीच्या ऑफिसात. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्याच्या मधलं काहीतरी. राज्यात अशा ६७ आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. दुसऱ्या कौंटीतल्या मित्राने सांगितलेल्या कागदपत्रांच्या यादीवर विसंबू नका, आधी फोन करा.

लायसन्स आणि आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) ची प्रत कायम जवळ ठेवा. २०११ मध्ये अलाबामाने परदेशी लोकांबाबत देशातला सर्वांत कडक म्हणावा असा कायदा केला. त्याच वर्षी टस्कलूसात पोलिसांनी भाड्याच्या गाडीतल्या एका माणसाला थांबवलं आणि योग्य लायसन्स जवळ नाही म्हणून धरून नेलं. तो निघाला मर्सिडीजचा जर्मन अधिकारी. ज्या कंपनीला बोलवायला राज्याने पायघड्या घातल्या होत्या, तिचाच माणूस! पुढे त्या कायद्याची बरीच कलमं न्यायालयात टिकली नाहीत, पण सवय म्हणून कागद खिशात असू द्या.

आईबाबा येणार असतील तर आणखी एक सांगतो, थोडं कडू आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत, हंट्सव्हिलला लागून असलेल्या मॅडिसनमध्ये, नातवाला सांभाळायला नुकतेच भारतातून आलेले एक आजोबा सकाळी फिरत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या मणक्याला गंभीर इजा झाली. राज्यपालांनी भारताच्या वाणिज्यदूतांना पत्र लिहून माफी मागितली. खटल्यात मात्र दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. त्यामुळे आईबाबा आल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्यांना घेऊन आजूबाजूच्या चार घरांची बेल वाजवा, ओळख करून द्या. खिशात पत्ता आणि तुमचा फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. पोलिसाने हटकलं तर जागीच उभं राहायचं आणि हात दिसतील असे ठेवायचे, हे सांगून ठेवा. एकदा ओळख झाली की हेच शेजारी बाबांना हाक मारून अंगणातले टोमॅटो देतात, हेही तितकंच खरं.

पायरी २: पावती वाचा

पहिल्या किराण्याची पावती बघून तुम्ही चमकाल. दूध, भाजी, तांदूळ, सगळ्यावर कर. किराण्यावरचा राज्याचा कर अलीकडे कमी केलाय, पण बाकी वस्तूंवर राज्याचे ४ टक्के, त्यात कौंटी आणि शहराची भर पडून कित्येक ठिकाणी आकडा ९-१० टक्क्यांवर जातो. घर घेतलंत की उलटा धक्का: मालमत्ता कर इतका कमी की दुसऱ्या राज्यातले मित्र विश्वास ठेवत नाहीत.

हे असं का, याचं उत्तर १९०१ मध्ये आहे. त्या वर्षी राज्याची नवी घटना लिहिली गेली. काळ्या लोकांना मतदानापासून दूर ठेवून गोऱ्यांची सत्ता पक्की करायची आहे, असं घटना परिषदेच्या अध्यक्षाने उघड सांगितलं होतं. त्यासाठी मतदानावर कर आला, साक्षरतेच्या अटी आल्या, आणि त्यात गरीब गोरेही वगळले गेले. त्याच घटनेने जमीनदारांचे कर बांधून ठेवले आणि स्थानिक सरकारांचे हात बांधले. शाळा चालवायला पैसा लागतो, जमिनीवरचा कर सहजी वाढवता येत नाही, मग तो वसूल होतो विक्रीतून, म्हणजे गरिबाच्या पिशवीतून. एखाद्या कौंटीला साधा बदल करायचा तरी घटनादुरुस्ती लागायची. अशा दुरुस्त्यांची संख्या हजाराच्या आसपास गेली. वंशभेदाची भाषा काढून टाकलेली नवी प्रत मतदारांनी मंजूर केली ती २०२२ मध्ये. कराचा सांगाडा फारसा हललेला नाही.

पायरी ३: गोड बोलणं शिका, आणि ओळखायलाही शिका

इथे अनोळखी माणूस हसून "हाउ यॉल डूइंग" म्हणतो आणि उत्तराची वाटही बघतो. घाईत असाल तरी दोन वाक्यं बोला. मोठ्या माणसाला "सर" आणि "मॅम" म्हणायचं. मुलं शिकतातच, आपणही शिकावं. छोट्या रस्त्यावर समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तो नमस्कार असतो. समोरून अंत्ययात्रा आली तर गाड्या बाजूला थांबतात; मागून हॉर्न वाजवू नका, तुम्हीही थांबा.

"कोणत्या चर्चला जाता?" हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येईल. त्यात धर्मांतराचा डाव शोधत बसू नका. आपल्याकडे "गाव कुठलं?" विचारतात ना, तसाच माणसाला कोणत्या तरी खुंटीला टांगण्याचा तो प्रयत्न असतो. "आम्ही हिंदू आहोत, पेलहॅमच्या मंदिरात जातो" एवढं सांगितलं की बहुतेक वेळा पुढचा प्रश्न जेवणाबद्दल असतो. "ब्लेस युअर हार्ट" मात्र जपून ऐका. कोणी आजारी असेल तर ती खरी माया. तुम्ही काहीतरी बावळटपणा केल्यावर कोणी तेच म्हणालं तर ते पुणेरी "असं होय!" आहे.

या गोडव्याखाली काय असतं त्याचा नमुना म्हणून योगाची गोष्ट सांगतो. राज्याच्या शिक्षण मंडळाने १९९३ मध्ये सरकारी शाळांत योग शिकवायला बंदी घातली, हिंदू धर्म शिरेल म्हणून. ती उठली २०२१ मध्ये. उठवताना कायद्यात लिहिलं की आसनांना इंग्रजी नावं हवीत, मंत्र नकोत आणि "नमस्ते" म्हणायचं नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत ताडासन असेल, त्याचं नाव तेवढं कोणी घेणार नाही. मी यावर हसतो. माझी बायको हसत नाही.

पायरी ४: आभाळाकडे लक्ष

मार्च ते मे आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये चक्रीवावटळी येतात. २७ एप्रिल २०११ या एका दिवसात अलाबामात ६२ टोर्नेडो झाले आणि अडीचशेच्या आसपास माणसं गेली. दोन शब्द पाठ करा. "वॉच" म्हणजे वावटळीला अनुकूल हवा आहे, लक्ष ठेवा. "वॉर्निंग" म्हणजे आली आहे, आत्ता लपा.

लपायचं कुठे, हे घर भाड्याने घेतानाच ठरवा. सर्वांत खालचा मजला, मधली खोली, खिडकी नको. न्हाणीघर किंवा कपड्यांची खोली चालते. डोक्याला सायकलचं हेल्मेट, पायात बूट. बूट कशाला, तर नंतर काचांमधून चालावं लागतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्याशी मैत्री हवीच; रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल इतकी. भोंग्यावर भरवसा ठेवू नका, तो घराबाहेरच्या माणसांसाठी असतो. बंद घरात, पावसात, झोपेत ऐकू येत नाही. हवामान रेडिओ घ्या आणि फोनवरचे इशारे बंद करू नका. बर्मिंगहॅमच्या टीव्हीवर जेम्स स्पॅन नावाचे हवामानतज्ज्ञ आहेत. त्यांनी कोट काढला आणि गॅलस दिसले की अख्खं राज्य उठून बसतं. ही थट्टा नाही, लोक खरंच कोट बघतात.

पायरी ५: जेवण

शाकाहारी असाल तर एक धोका लक्षात ठेवा: इथल्या भाज्यांत मांस असतं. कोलार्डची पालेभाजी, घेवडा, चवळी, सगळं डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत तासन्‌तास शिजतं आणि मेनूवर मात्र "भाजी" म्हणूनच लिहिलेलं असतं. विचारायला लाजू नका. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी मात्र आपल्या कोणालाही आवडेल. भेंडी आफ्रिकेतून गुलामांच्या वाटेने इथे आली, तिचं इंग्रजी नावही तिकडचंच.

आणि रस्त्याकडेला हाताने रंगवलेली "बॉइल्ड पीनट्स" अशी पाटी दिसली की गाडी थांबवा. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, गरम, गळक्या पिशवीतून. इतर राज्यांतले अमेरिकन लोक नाक मुरडतात. आपल्याला शिकवावं लागत नाही. शेंगा विकणाऱ्याला मी एकदा सांगितलं की आमच्या आईही अशाच करतात; त्याने मूठभर जास्त घातल्या.

डाळी-मसाले हंट्सव्हिल आणि बर्मिंगहॅममध्ये मिळतात. मोठ्या खरेदीला आणि मोठ्या गणपतीला लोक शेजारच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाला जातात, तिथलं महाराष्ट्र मंडळ जोरात आहे. फक्त जॉर्जियाचं घड्याळ एक तास पुढे असतं. आरती चुकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

पायरी ६: बाजू निवडा

"अलाबामा की ऑबर्न?" हा दुसरा अटळ प्रश्न. दोन विद्यापीठं, दोन फुटबॉल संघ. एकाचे लोक "रोल टाइड" म्हणतात, दुसऱ्याचे "वॉर ईगल". "मला फुटबॉल कळत नाही" हे उत्तर चालत नाही. जवळचं विद्यापीठ निवडा आणि निष्ठा बदलू नका. अलाबामाच्या संघाचं चिन्ह हत्ती आहे, त्यावरून आमच्या घरात निर्णय सोपा झाला. नोव्हेंबरच्या शेवटी दोघांचा सामना असतो. त्या दिवशी वाढदिवस, वास्तुशांत, काहीही ठेवू नका. सामना चालू असताना दुकानात जा, अख्खं दुकान तुमचं.

पायरी ७: एक लांब शनिवार-रविवार काढा

स्थिरस्थावर झालात की गाडी काढा. हंट्सव्हिलचं रॉकेट-म्युझियम पाहुण्यांसोबत पाचदा होईलच. चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न-५ रॉकेट इथल्याच नासाच्या मार्शल केंद्रात जर्मन रॉकेटशास्त्रज्ञ व्हर्नर फॉन ब्राउन यांच्या देखरेखीखाली घडलं. ज्या गावात कापसाच्या गिरण्या होत्या तिथे १९५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ येऊन राहिले, आणि २०२० च्या जनगणनेत ते राज्यातलं सर्वांत मोठं शहर झालं. मी म्हणतो ती वाट दक्षिणेला जाते.

बर्मिंगहॅमला थांबा. १८७१ मध्ये वसलेलं हे शहर लोखंडाचं आहे. खनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही जवळजवळ सापडले म्हणून जन्मलं. टेकडीवर व्हल्कनचा, म्हणजे रोमन लोकांच्या लोहारदेवाचा, ५६ फुटी ओतीव लोखंडी पुतळा उभा आहे. त्यापेक्षा सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चपाशी वेळ काढा. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी इथे गोऱ्या वंशवाद्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार काळ्या मुली मेल्या.

पुढे मंटगमरी. इथे डेक्स्टर ॲव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं. खालच्या चौकात गुलामांचे लिलाव व्हायचे. त्याच चौकातल्या इमारतीतून एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटर या किल्ल्यावर हल्ल्याची परवानगी देणारी तार गेली आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिण विरुद्ध उत्तर असं अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. त्याच चौकात १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या, त्याच ज्यांनी गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार दिला. वर चढत गेलात की मार्टिन ल्यूथर किंग यांचं विटांचं छोटं चर्च लागतं. इथे धर्मगुरू असतानाच ते १९५९ मध्ये भारतात आले आणि मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले. अगदी वर कॅपिटॉल, म्हणजे राज्याचं विधानभवन. त्याच्या पायऱ्यांवर १८ फेब्रुवारी १८६१ रोजी जेफरसन डेव्हिस यांनी बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. तिथेच १९६३ मध्ये राज्यपाल वॉलेस यांनी वंशभेद कायम राहील अशी घोषणा केली. आणि त्याच्याच समोर, २५ मार्च १९६५ रोजी, मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेल्या ५४ मैलांच्या पदयात्रेच्या शेवटी हजारो लोक किंग यांचं भाषण ऐकत उभे राहिले. एवढा इतिहास एका रस्त्यावर मी दुसरीकडे चाललेलो नाही. जवळच २०१८ मध्ये उघडलेलं झुंडबळींचं स्मारक आहे: लोखंडाचे आठशेहून जास्त खांब, प्रत्येक खांब एका कौंटीचा. सुरुवातीला ते डोळ्यांसमोर उभे असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकू लागतात. लहान मुलांना घेऊन जाण्याआधी विचार करा.

आणि आता जानेवारीचं कॅलेंडर काढा. तिसऱ्या सोमवारी देशभर किंग यांच्या जयंतीची सुट्टी असते. अलाबामात त्याच दिवशी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचीही. दोघांना एकाच सोमवारी बसवणारं हे राज्य आहे.

मंटगमरीतून रस्ता ८० ने सेल्माकडे निघालात की दोन्ही बाजूंची जमीन बघा. पाऊस पडून गेला असेल तर उतरून हातात घ्या. काळी, चिकट, वाळली की भेगाळणारी. वऱ्हाडातल्या माणसाला ही माती अनोळखी वाटणार नाही. या पट्ट्याला "ब्लॅक बेल्ट" म्हणतात ते आधी मातीवरून. नंतर त्या मातीत राबायला आणलेल्या माणसांवरून. हा कापसाचा मुलूख. यादवी युद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा वाहिला, शेअरची हवा झाली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती फुटली. त्यानंतर आठ वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. सेल्माचा पूल ओलांडताना मला दर वेळी ती अर्पणपत्रिका आठवते. त्याच पुलावर, ७ मार्च १९६५ रोजी, मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना पोलिसांनी आणि त्यांच्या घोडेस्वारांनी झोडपलं. पाच महिन्यांत मतदान हक्काचा कायदा झाला. पुलाला नाव मात्र अजून एडमंड पेटस यांचं आहे, जे दक्षिणेचे सेनाधिकारी होते.

परतताना टस्कीगी. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे मराठी घरांत हे नाव शाळेपासून माहीत असतं. इथल्या शेजाऱ्यांशी मी शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर यांच्याबद्दल बोलतो तेव्हा ते चकित होतात, की पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला हे कसं माहीत. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या या शाळेच्या विटा विद्यार्थ्यांनी भाजल्या. कार्व्हर १८९६ मध्ये आले आणि १९४३ मध्ये वारले तोवर इथेच राहिले. कापसाने चोखून काढलेल्या जमिनीत चवळी, रताळी, भुईमूग लावा, हे सांगायला १९०६ पासून शेतकऱ्यांच्या दारात घोडागाडी जाऊ लागली. दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. याच कौंटीत, १९३२ ते १९७२, सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर गुप्तरोगाचा अभ्यास केला आणि पेनिसिलिन आल्यावरही रुग्णांना ते मिळू दिलं नाही. तुम्ही हॉस्पिटलात कामाला असाल आणि एखादा म्हातारा काळा रुग्ण तुमच्या औषधाकडे संशयाने बघत असेल तर त्याला अडाणी समजू नका.

विदर्भातले असाल तर आणखी दक्षिणेला, एंटरप्राइझ गावी जा. तिथे भर चौकात कीटकाचं स्मारक आहे. बोंडात शिरणाऱ्या सोंडेवाल्या भुंग्याने कापूस बुडवला, शेतकरी भुईमुगाकडे वळले, बरकत आली, आणि १९१९ मध्ये गावाने कृतज्ञता म्हणून त्या किडीचं स्मारक बांधलं. यवतमाळच्या काकांना फोटो पाठवलात तर काय उत्तर येतं ते मला कळवा.

वेळ उरलाच तर जीज बेंड. अलाबामा नदीच्या वळणात अडकलेलं काळ्या कुटुंबांचं गाव. इथल्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. कामाच्या पँटचे गुडघे, पिठाच्या गोण्या, जे हाताला येईल ते. आज त्या मोठमोठ्या कलासंग्रहालयांत भिंतीवर टांगलेल्या आहेत. आपल्या आजीची गोधडी आठवून बघा, टाके ओळखीचे वाटतील. १९६२ मध्ये, इथले लोक मतदार नोंदणीसाठी नदीपार कॅमडेनला जाऊ लागले तेव्हा, गावाची फेरीबोट बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. निघण्याआधी बोट चालू आहे ना ते फोन करून विचारा, नाहीतर नदीला तासाभराचा वळसा घालावा लागतो.